फणसावर चढलेली आई

"कुणाला खरं वाटायचं नाही, पण आज सकाळी तुझी आई फणसावर चढली!" आबा परुळेकर फोनवर लेकीला सांगत होते. मृदुला आठव्या महिन्यात पुण्याच्या दवाखान्यात पडून होती. तिला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सत्तराव्या वर्षी? काहीतरीच हं, आबा."

"अगं, वरून मलाच ओरडली, 'कोयता द्या!' तिची नाडी बघ की तुझ्या फोनवर. कशी घोडीसारखी दौडतेय!"

घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावरची चकती नाडी मोजून सगळ्यांच्या फोनवर धाडत असे. आबांच्या उजव्या मनगटावर त्यांची स्वतःची चकती होती. डाव्यावर बायकोची. तीन दिवसांपूर्वी तिचा श्वास थांबला, तेव्हा त्यांनी ती काढून घेतली होती.

आबांनी घाईघाईनं गोष्टीतला फणस आणखी उंच केला.

"आबा," मृदुला मध्येच म्हणाली, "तुमची नाडी मधूनमधून अडखळते. आईची कधीच अडखळायची नाही. तीन दिवस झाले, तिचीही अडखळतेय, नेमकी तुमच्याच बरोबर. आता माझी नाडी बघा. शांत आहे ना? मग खोटं पुरे. आई गेली ना?"