गालावरची जागा

मंडणगडची माणसं मथुरेला बघायला रत्नागिरीस आली, तेव्हा गंगुबाई माजघरात लेकीच्या तोंडाला पावडर लावत होती. मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्याने गेल्या शिमग्याला पावडरीचा डबा पाठवला होता.

चेहऱ्यावर पावडर छान बसली. फक्त डाव्या डोळ्याखाली, बोराएवढ्या जागेवर ती काही केल्या बसेना. गंगुबाईने पदराने गाल पुसला, कापसाच्या बोळ्याने पुन्हा लावली. पावडर सरळ गळून मांडीवर पडली. मथुरेची कातडी तर नितळ होती, घामही नव्हता.

"आये, परत परत तिथंच का लावतेस?"

"काय नाय गो. हलू नको."

ती जागा गंगुबाईच्या बोटांना पाठ होती. थोरल्या यमुनेला तिथेच पांढरा डाग होता. पावडरीत गेरू कालवून गंगुबाईने तो झाकला होता आणि लग्न उरकलं होतं. चौथ्या दिवशी सासरच्यांनी पोरीला परत आणून सोडलं. पाचव्या दिवशी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असंच गंगुबाई आजवर सगळ्यांना सांगत आली होती.

ओटीवरून हाक आली, "मुलीला आणा हो!"

गंगुबाईने घाईघाईने चिमूटभर गेरू पावडरीत मिसळला आणि त्या जागेवर बोट टेकवलं. पावडर लगेच बसली.

"आये, या वेळेला तरी त्यांना खरं सांग."

गंगुबाईने दचकून पाहिलं. पावडर तोंडात जाऊ नये म्हणून मथुरेने ओठ घट्ट मिटून घेतले होते. बोटाखालचा गाल मात्र बोलताना हलतो तसा हलत होता.