चतुर्थीची साखर

कुमुदिनीने मनगट काउंटरवर टेकवलं. कातडीखालच्या चकतीचा दिवा हिरवा लागला, की काचेपलीकडच्या पेटीतलं, तिच्याच पेशींपासून वाढवलेलं मूत्रपिंड तिला मिळणार होतं. डायलिसिस सुटणार होतं.

दिवा लाल लागला.

“नव्वद दिवस साखर हद्दीत हवी, काकू,” कारकून म्हणाला. “एकोणनव्वद दिवस होती. काल काय झोडलंत?”

“झोडलंत? काल संकष्टी होती. उपास होता माझा!”

“तेच विचारतोय. उपासाला काय खाल्लंत?”

साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या गोड फोडी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. सगळं आता शेजारीच उभ्या असलेल्या नणंदेने आग्रहाने वाढलेलं.

“वन्सं, तुम्हीच म्हणालात, उपासाचं हलकं असतं, बाधत नाही!”

“म्हणून चार लाडू हाणायचे?” नणंद फणकारली.

“उपास या मूत्रपिंडासाठीच धरला होता हो,” कुमुदिनी कारकुनाला म्हणाली.

“चकतीला ते कळत नाही. पुन्हा नव्वद दिवस. आज पहिला.”

“आणि पेटीतलं?”

“ते आठवडाभरच टिकतं.”

नणंदेने पिशवीतून बाटली काढली. “सकाळपासून उपाशी आहेस. घे, पथ्याचंच आहे. ताज्या फळांचा रस.”

कुमुदिनीने बाटली घेतली आणि नणंदेच्या डोळ्यांत बघत काउंटरजवळच्या कुंडीत शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.