मागच्या चाकांची हवा

सबंध मलकापूर तालुक्यात मोटारी दोनच, माझी आणि उत्तमराव देशमुखांची. नांदुऱ्याच्या कच्च्या सडकेवर शर्यत लागली. हरणाऱ्यानं बैलगाडीत बसून घरी जायचं ठरलं. आठ दिवस खपून मला उमगलं होतं, की मागच्या चाकांत हवा कमी असली तरच ती माती धरतात. बरोबर तेवढी हवा सोडून मी देवळात नारळ फोडून आलो. निशाण पडलं, आणि माझी चाकं जागच्या जागी माती उकरत बसली.

धुमसत बैलगाडीत चढलो, तर उत्तमराव जवळ आले.

"हिंमतराव, मागचे चाकं बसले होते तुमचे. तुम्ही देवळात गेले, तवा म्याच पंप मारून टणक करून देले. लंगड्या बैलासंगं शंकरपटात जोडी पळवतो काय आपण?"