सौम्य उतार

"माणसं हलवणारी गाडी दारावरून गेली गं, पण थांबली नाही. पलीकडच्या आळीला तेवढं घेऊन गेली," आई फोनवर सांगत होती. "ड्रायव्हर नसतोच आता, विनवायचं कुणाला?"

हेमांगीने नकाशा उघडला. पाऊस वाढला की दरडीच्या भीतीने कुठली वस्ती हलवायची, हे यंत्र डोंगराचा उतार पाहून ठरवत असे आणि तिथेच गाड्या पाठवत असे. सौम्य ते तीव्र असे उताराचे पाच वर्ग चार वर्षांपूर्वी तिनेच निवडले होते. गणित लवकर सुटावं म्हणून तीव्र उताराचे बारीक तुकडे तिने शेजारच्या सौम्य वर्गात ढकलले होते. सगळेच तसं करतात. आईचं घर अशाच एका तुकड्याखाली होतं. तिची दहा महिन्यांची मनवाही तिथेच, आजीजवळ होती.

हेमांगी त्या तुकड्याचा वर्ग बदलायला गेली. 'पावसाळा संपेपर्यंत बदल बंद,' असं उत्तर आलं.

"आई, मनवाला उचल आणि चालत नीघ."

"कुठनं? पुलावर पाणी चढलंय. आणि घाबरतेस काय एवढी? तुझंच यंत्र ना ते, चुकेल कसं? पोरीचा आत्ता कुठे डोळा लागलाय."



"फोन तिच्या उशाशी ठेव," हेमांगी म्हणाली, आणि लेकीचा श्वास ऐकत बसली.