शिंपल्याची साक्ष

सासूबाई शिंपला सोडेनात. प्रयोगशाळेत सुनेने हात पुढे केलेला, सासरे चष्मा पुसून सरसावून बसलेले, आणि यांची मूठ घट्ट.

"राहू दे गं. एवढासा जीव, फुटायचा उगाच."

"घाबरली," सासरे खुशीत म्हणाले.

भांडण लग्नाआधीचं होतं. दोघं समुद्रात गुडघाभर पाण्यात उभे होते. सासरे मागणी घालायला म्हणून गेले होते. प्रत्यक्षात त्यांनी पायाशी सापडलेला हाच, तेव्हा जिवंत असलेला शिंपला तिच्या हातावर ठेवला आणि थरथरत घर गाठलं. सासूबाई त्यांना भित्री भागूबाई म्हणत. पाणी बर्फासारखं होतं, दातखीळ बसली, असं सासऱ्यांचं म्हणणं. पुरावाही होता. त्या दिवशी तिने त्यांचा कोट मागून घेतला होता. दोन दिवसांनी तो परत करायला आली, तेव्हा कुठे सासऱ्यांना वाचा फुटली. "थंडी नव्हती, तर कोट कशाला?" असं त्यांनी विचारलं की सासूबाई विषय बदलायच्या.

जुन्या समुद्राला ताप होता की हुडहुडी, हे ओळखणं हे सुनेचं कामच. तिने समजावलं, "ऑक्सिजनची समस्थानिकं म्हणजे एका घरची हलकी आणि जड भावंडं. पाणी गार असलं की शिंपल्यात जड जरा जास्त उतरतात. शिंपला कडेने वाढतो, पाण्याबाहेर काढला की वाढ थांबते, म्हणजे अगदी कडेला तुमचाच आठवडा. द्या बघू, आई."

मूठ सुटली. दातांच्या डॉक्टरकडे असतं तसल्या बारीक ड्रिलने सुनेने कडेची चिमूटभर भुकटी काढली.

निकाल तिने चार दिवसांनी जेवताना सांगितला. "बाबा, पाणी छान कोमट होतं. या शिंपल्याने जन्मात इतकं उबदार पाणी पाहिलं नव्हतं."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. चाळीस वर्षांची अब्रू चिमूटभर भुकटीत गेली होती. आता बायको काय काय ऐकवते, म्हणून ते खाली मान घालून बसले. पण सासूबाई भरलेल्या पेल्यात पुन्हा पाणी ओतत होत्या, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"मग," सासऱ्यांनी हळूच विचारलं, "तू कोट कशाला मागितलास?"

"परत द्यायला यावं लागतं ना," सासूबाई म्हणाल्या.