वस्तादांचं दार

म्हणे, बाईचा पाय पडला की तालमीची माती बाटते! म्हणून वस्ताद बाळगोंडांनी दाराला यंत्र बसवलेलं. हात ठेवला की ते स्नायूंत जागी असलेली जनुकं वाचायचं. बायकी ठेवण दिसली की दार बंद. पुतणी तेजलला त्यांनी तिथूनच, चारचौघांत हाकललं होतं.

आज दार खुद्द वस्तादांनाच उघडेना. वयानं पुरुषी संप्रेरक आटलं, तशी त्याच्या हुकमावर चालणारी जनुकंही निजली होती.

"यंत्र बिघडलंय!" वस्ताद पठ्ठ्यांवर खेकसले.

रस्त्यापलीकडे, स्वतःच्या तालमीच्या दारात उभ्या असलेल्या तेजलला वस्तादांची कीवही येईना.

"यंत्र खोटं बोलत नाही, तुम्हीच म्हणाला होतात, काका," ती म्हणाली. "आमच्याकडं या. आम्ही बायकांना घेतो."