मुक्तचित्र

चित्रकला शिक्षिकेच्या पदवीसाठी आज शेवटचा पाठ होता. विषय मुक्तचित्र: मनात येईल ते काढा. पण पाठाच्या टाचणात 'मुले काय काढतील' हा रकाना आधीच भरावा लागतो, म्हणून शिकाऊ बाईंनी 'पक्षी' लिहून टाकलं होतं. तेच टाचण मांडीवर घेऊन परीक्षक मागच्या बाकावर बसले होते.

एका मुलीने कागदभर घोरणारे बाबा काढले. घोरणं अगदी ऐकू यावं, असे.

"झकास गं," बाई कुजबुजल्या, "पण एखादा पक्षी..."

मुलीने वळून मागे पाहिलं. "बाई, तुमचीपण परीक्षा आहे?"

"हो."

"मग आधी सांगायचं ना!" म्हणत तिने रबर उचललं.

खोडताना कागद फाटू नये म्हणून बाईंनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.